अर्धी साखर हवेत

सोड्याच्या गाड्यावर अंगठ्याने गोळी आत ढकलली जाते तेव्हा आधी एक आखूड, कोरडा आवाज येतो आणि मग बाटलीच्या गळ्यातून फेसाची लाट वर चढते. वैशाखातल्या दुपारी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारात तो आवाज कानावर पडला की तहान नसलेला माणूसही मान वळवतो. गोळी फुटत नाही की बाहेर पडत नाही. गळ्याला मुद्दाम दिलेल्या खोबणीत ती अडकून राहते आणि बाटली पुन्हा भरली की पुन्हा पहाऱ्याला उभी राहते. हायरम कॉड नावाच्या इंग्रज कारागिराने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. तिला बूच नाही, झाकण नाही. आतला वायूच गोळीला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो; बाहेर पडायला धडपडणाऱ्यालाच दाराची राखण दिलेली आहे. बाटली गाड्यावरच रिकामी व्हायची, तिथेच परत जायची, धुतली जायची, भरली जायची. पैसे मोजायचे ते सोड्याचे. बाटली कुणी विकत घेत नसे. प्लास्टिकची बाटली आली तेव्हा ही परतीची वाट मोडली, आणि त्या मोडलेल्या वाटेचे तुकडे आज कालव्याच्या कडेला, ओढ्यात आणि बांधावर पडलेले दिसतात.

केगरेटर हा शब्द या भागात नवा आहे, वस्तू मात्र नीट पाहिली तर ओळखीची निघते. एक फ्रीज, त्यात स्टीलचं पिंप, बाजूला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, दाब कमी करून देणारा रेग्युलेटर, दोन नळ्या आणि दाराबाहेर डोकावणारी तोटी. एक नळी वायू आत नेते, दुसरी पेय बाहेर आणते. गोळीच्या बाटलीत जे पाव लिटरभर होतं, ते इथे एकोणीस लिटरच्या पिंपात होतं, एवढाच काय तो फरक. या पिंपांचा इतिहासही बोलका आहे. घरी बिअर बनवणारे परदेशातले हौशी लोक ज्याला कॉर्नी केग म्हणतात, ते पिंप मुळात शीतपेयांच्या कंपन्यांनी सरबताचा अर्क दुकानांत पोचवण्यासाठी वापरलं. पुढे तो अर्क खोक्यातल्या पिशवीतून जाऊ लागला, रिकामी पिंपं स्वस्तात विकायला निघाली आणि बिअरवाल्यांनी ती उचलली. म्हणजे सोड्याच्या घरातलं भांडं बिअरने उसनं घेतलं. त्याच्याही आधीचं देणं मात्र उलट दिशेचं आहे. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या हौदाच्या तोंडाशी साचणाऱ्या जड वायूवर त्याने पाण्याचं भांडं धरलं आणि ते पाणी चवीला चुणचुणीत लागलं. सोडा जन्मला तो बिअरच्या वाफाऱ्यावर. म्हणून एकाच फ्रीजमध्ये सोड्याची आणि बिअरची अशा दोन तोट्या बसवण्याची कल्पना वेडगळ नाही. ती दोन भावंडं आहेत.

मला मांडायचं आहे ते असं की ही वस्तू बारामती-इंदापूरच्या घरात परकी चैन म्हणून येण्याची गरज नाही. तिच्यातला वायू इथल्याच पिकाचा आहे, आणि तिचा स्वभाव भांडं परत परत भरण्याच्या जुन्या रीतीचा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा मुलूख उसाचा झाला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावं इथे गावांची कमी आणि धुराड्यांची जास्त आहेत. साखर काढून झाल्यावर काळी, दाट मळी उरते. ती डिस्टिलरीच्या हौदात यीस्टच्या हाती दिली की फेस चढू लागतो. आंबवण्याचा हिशेब सरळ आहे: साखरेच्या दर शंभर ग्रॅममागे जेमतेम एक्कावन्न ग्रॅम अल्कोहोल होतं आणि जवळजवळ एकोणपन्नास ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. अल्कोहोलचा थेंबन् थेंब मोजला जातो, त्याच्या टाकीला कुलूप आणि सरकारी मोहोर लागते. उरलेली जवळजवळ अर्धी साखर वायू होऊन वर निघून जाते. जिथे तो वायू पकडायची सोय केलेली असते तिथे तो धुऊन, दाबून, सिलिंडरमध्ये भरून विकला जातो. जिथे नसते तिथे तो गावावरच्या हवेत मिसळतो. एकोणीस लिटर पिंपातला सोडा चांगला कडक करायचा तर पाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम वायू मुरवावा लागतो. त्यामागे सुमारे तीनशे ग्रॅम साखर आंबलेली असते, म्हणजे अदमासे तीन किलो उसातून निघणारी साखर. हा आकडा मनात ठेवून पेला हाती घेतला की बुडबुडा वेगळा दिसतो. उसाच्या पानाने जो वायू गेल्या पावसाळ्यात हवेतून ओढला, तोच जिभेवर फुटत असतो.

यावर कुणी म्हणेल की उसाचं हे कौतुक पुरे. ऊस पाणी किती पितो ते कालव्याच्या शेपटाला शेत असलेल्याला विचारा. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालता येणार नाही. याच पट्ट्यात अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्या, वर मीठ फुललं, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस हिरवागार असताना खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहिली गेली. सोड्याच्या एका पिंपाने त्या पापाचं क्षालन होत नाही. पण इतकं पाणी खर्चून जे पीक काढलं, त्याचा एकही भाग वाया जाऊ न देणं हे त्या पाण्याचं किमान ऋण आहे. बगॅसपासून वीज होते, प्रेसमडचं खत होतं, मळीचं इथेनॉल होतं. या यादीत वायूचा क्रमांक नेहमी शेवटी लागतो, कारण तो दिसत नाही. दिसत नाही ते मोजायला शिकणं हीच सुधारणेची पहिली पायरी असते.

घरच्या नळाची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. पाणी वायूला किती जागा देईल हे दोन गोष्टींवर ठरतं, दाब आणि थंडी. दाब वाढवला तर त्या प्रमाणात वायू जास्त मुरतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. थंडीचं काम त्याहून नाजूक आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला, गोठायला आलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू मावतो; वीस अंशांना तो ०.९ लिटरच्या आत येतो. आणि चाळीस अंशांना, म्हणजे इथल्या मे महिन्यातल्या दुपारी माठाबाहेर राहिलेल्या पाण्यात, जेमतेम अर्धा लिटर. एक तृतीयांशसुद्धा नाही. म्हणून कोमट पाण्यात कितीही जोराने वायू कोंबला तरी सोडा मिळमिळीतच लागतो. नवखा माणूस अशा वेळी रेग्युलेटरची चावी आणखी पिळतो आणि पेल्यात फेसच फेस काढतो. उपाय दाबात नसतो. तो पाणी आदल्या रात्रीच गार करून ठेवण्यात असतो. गार पाण्यावर ठरावीक दाब लावून पिंप दोन-चार दिवस शांत ठेवलं की वायू आपल्या पावलांनी आत उतरतो. घाई असेल तर पिंप आडवं करून पाव तास हलवावं लागतं. गोळीच्या बाटल्या भरणारी जुनी यंत्रंही बाटल्यांना हाताने गरागरा फिरवत, ती याचसाठी.

आणि इथेच दोन भावंडांचे स्वभाव वेगळे होतात. फ्रीज तीन-चार अंशांवर असेल तर बिअरला दहा-बारा पौंडांचा दाब पुरतो. सोड्याला तीस पौंड लागतात, मोटारीच्या टायरात भरतात साधारण तेवढे. बिअरच्या एका लिटरमध्ये अडीच लिटर वायू शोभतो, सोड्यात चार. एकाच दाबावर दोघांना जोडलं तर एक फेसाळून उतू जाईल किंवा दुसरा निवलेला राहील. त्यामुळे दोघांना वेगळे रेग्युलेटर हवेत. सोड्याची नळी बारीक आणि बिअरच्या नळीपेक्षा बरीच लांब असावी लागते, म्हणजे तोटीपर्यंत येता येता त्याचा जोर नळीच्या अंगाला घासून उतरतो. वरच्या चारीला सुटलेलं पाणी शेवटच्या वाफ्यात जाताना कसं मंदावतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ही लांब नळी समजावून सांगावी लागत नाही. दाब कोंडून ठेवणाऱ्या भांड्यांचं शास्त्रही या तालुक्यांना नवं नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून सुरुवात करून इस्रोच्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकासाठी रॉकेटच्या मोटारींची कवचं बनवण्यापर्यंत मजल मारली. पोलादाच्या आत कोंडलेला जोर म्हणजे काय, हे तिथल्या जोडाऱ्यांच्या हातांना ठाऊक आहे. घरातलं पिंप हे त्याच विद्येचं अगदी लहान, रोजच्या वापरातलं रूप आहे, आणि तेवढ्याच गांभीर्याने ते वापरायला हवं.

भांड्याच्या धातूचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात वेगळ्याच बाजूने येतो. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याकडे आरोग्याचं आणि पावित्र्याचं मानलं जातं, त्यामुळे सोड्यासाठीही तांबं-पितळ चांगलंच असं वाटणं स्वाभाविक आहे. तिथे मात्र हात आवरायला हवा. वायू मुरलेलं पाणी आंबट असतं. ते तांब्याला हळूहळू खातं आणि ते तांबं पोटात जातं. पितळी तोटी किंवा तांब्याची जोडनळी सोड्याच्या वाटेत कुठेही असता कामा नये. स्टेनलेस स्टील आणि खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक एवढंच चालतं. ही काही नव्या विज्ञानाची दहशत नाही. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कल्हईवाला दारात आला की घरातली सगळी भांडी अंगणात यायची. कल्हई हे आंबटापासून धातूला आणि धातूपासून माणसाला वाचवणारं अस्तर होतं. आज ते काम स्टील करतं. पाण्याचंही तसंच आहे. बोअरचं जड, क्षारांचं पाणी सोड्यातला आंबटपणा मारतं आणि पेय बोथट लागतं. गाळून, क्षार कमी करून घेतलेल्या पाण्याचा सोडा स्वच्छ, टोकदार लागतो. हवं तर त्यात चिमूटभर मीठ घालावं. सोडा पाण्याचा दोष झाकत नाही, उघडा करतो. ज्या गावाला आपल्या पाण्याची चव खरोखर जाणून घ्यायची असेल, त्याने त्या पाण्याचा सोडा करून पाहावा.

आता बिअरच्या तोटीबद्दल. घरात दारूचं यंत्र नको, असं म्हणणारा आवाज आपल्या घरांत बहुधा स्वयंपाकघरातून येतो आणि त्याला कारण असतं. दारूने घरं कशी बसतात हे या भागातल्या बायकांनी पाहिलं आहे. त्या आवाजाला मागासलेपणा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल. कायदाही त्याच बाजूला झुकलेला आहे. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा म्हणून आलेला आणि आज महाराष्ट्राच्या नावाने चालणारा कायदा दारू बनवण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही परवाना मागतो. घरच्या घरी जव भिजवून बिअर आंबवायची मोकळीक तो देत नाही, आणि बिअरसाठीही २१ वर्षांची अट आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी मद्यशाळा सुरू झाली आणि ताज्या, पिंपातल्या बिअरची चव मराठी माणसाला घराजवळ मिळू लागली. पण ती परवानाधारक जागेतली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी बिअर शॉपीत मिळते ती बाटलीत नाहीतर डब्यात. ती फोडून पिंपात ओतण्यात काहीच अर्थ नाही. ओतताना हवा लागली की तिची चव उतरते आणि पुठ्ठ्यासारखी लागू लागते. त्यामुळे बिअरची तोटी इथल्या घरात आज तरी रिकामीच राहणार. यात मला नुकसान दिसत नाही. उलट या यंत्राचं खरं मोल त्यामुळेच दिसून येतं. कोकम, लिंबू, आवळा, कैरीचं पन्हं, जांभळाचा रस या सगळ्यांना चढा, गार सोडा मिळाला की जी चव येते ती विकतच्या गोड बाटलीत नाही, आणि साखर आपल्या हातात राहते. ज्या घरात पाहुण्याला काहीतरी फेसाळ द्यायची हौस आहे पण दारू द्यायची इच्छा नाही, त्या घराला हे यंत्र सन्मानाने पाहुणचार करू देतं.

सर्वात गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि त्यावर आकड्यांनीच बोललं पाहिजे. पाच किलोचं सिलिंडर दिसायला लहान असतं. त्यातला सगळा वायू बाहेर पडला तर तो सुमारे २७०० लिटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बंद खोलीच्या हवेत तो जवळजवळ दहावा हिस्सा होतो, आणि तेवढ्याने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने आधी जमिनीलगत साचतो. आपल्या लोकांना ही गोष्ट पुस्तकाआधीच कळलेली होती. जुन्या, बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही. धान्याचं पेव उघडलं की लगेच आत पाय टाकायचा नाही, ते वारं खाऊ द्यायचं. हेच दोन नियम केगरेटरला जसेच्या तसे लागू पडतात. सिलिंडर झोपायच्या खोलीत नको, तळघरात नको, जिथे खाली जमिनीशी वारा खेळत नाही अशा कोनाड्यात नको. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहायचं. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायचं. वेल्डिंगच्या दुकानातलं सिलिंडर स्वस्त मिळतं म्हणून आणायचं नाही. खाद्य दर्जाचा वायू आणि मुदतीत दाबचाचणी झालेलं सिलिंडरच घ्यायचं. देशभरातल्या अशा सिलिंडरांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

उन्हाचीही एक वेगळी खबरदारी आहे. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, आणि आत दाब चढत जातो. बारामतीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली हे रोज घडेल. म्हणून सिलिंडरची जागा घरातली सर्वात थंड, सावलीची आणि वाऱ्याची. आत किती वायू उरला हेही दाबाच्या काट्यावरून कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. खरा हिशेब वजनाचा. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं; ते वजा केलं की उरलेला वायू हातात येतो. स्वयंपाकाचं लाल सिलिंडर उचलून पाहणाऱ्या घराला ही सवय शिकवावी लागत नाही, फक्त अंदाजाच्या जागी वजनकाटा आणावा लागतो.

खर्च आणि विजेबद्दलही लोक विचारतात. गळती नसेल तर पाच किलो वायूत तीनशे लिटरपर्यंत सोडा होतो, म्हणजे पाऊण लिटरच्या चारशे प्लास्टिकच्या बाटल्या बांधावर पडत नाहीत. वीज गेली तरी बंद पिंपातला वायू कुठे जात नाही. पेय गरम होतं, फेस जास्त येतो, पुन्हा गार झालं की पूर्ववत होतं. मात्र चार माणसांच्या घराने एकट्याने हा पसारा मांडावा असं मी म्हणणार नाही. एकत्र कुटुंब, खानावळ, मंगल कार्यालय, तरुणांचं मंडळ, बचत गटाचं सरबतांचं दुकान, इथे हे पिंप शोभेल. गाड्यावरच्या सोडेवाल्याचं पोट मारलं जाईल या भीतीचं उत्तरही त्यातच आहे. वायू, दाब, रबरी कडं, धुणं, भरणं ही सगळी विद्या त्याच्याकडे पिढ्यांची आहे. पिंपं धुऊन, भरून, घरोघर पोचवण्याचं आणि रिकामी परत नेण्याचं काम त्याच्याइतकं चांगलं कोण करील? जी परतीची वाट प्लास्टिकने मोडली, ती त्याच्याच हातगाडीवरून पुन्हा सुरू होऊ शकते.

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या दिसू लागतात. वजनकाट्यावर टन मोजला जातो, उताऱ्याचा टक्का काढला जातो, पोती मोजली जातात. हौदावरून वर जाणारा वायू मात्र बहुतेक वेळा कुणाच्याच वहीत उतरत नाही. ज्या घराला किंवा मंडळाला हा नळ बसवायचा असेल त्याने घाई करू नये. पाणी आधी गार करावं, तांबं दूर ठेवावं, सिलिंडरचं वजन वहीत लिहावं, खिडकी उघडी ठेवावी. आणि पहिलं पिंप सोड्याचंच भरावं.